सहा महिन्यांचे कुलूप

मंडळी, आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर एक कालनिर्णय टांगलेले असते. दर वर्षी डिसेंबरात मुंबईहून येणारे कोणी ना कोणी ते सुरळी करून घेऊन येते. मग वर्षभर घरचे उपासतापास, मुलीच्या परीक्षा आणि आमच्या हापिसचे दौरे असा सगळा संसार त्या चौकोनांत चालतो. यंदा आईने त्यावर एका तारखेभोवती लाल पेनने गोल काढून ठेवला आहे. त्या दिवशी संकष्टी नाही, एकादशी नाही, कोणाचा वाढदिवसही नाही.

"आजी, हे काय आहे गं?" आमच्या कन्येने विचारले.

"माझी मुदत," आई म्हणाली.

कन्येला वाटले व्हिसाची. पण आईच्या लाँग टर्म व्हिजिट पासची मुदत अजून बरीच शिल्लक आहे. ही मुदत सिंगापूर सरकारने घातलेली नाही. ती महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्याने घातलेली आहे, आणि या कायद्यापायी आमचे घर गेली चार वर्षे फ्लेमिंगो पक्ष्यांसारखे वागते आहे. सहा महिने पुरे व्हायच्या आत आई गिरगावात परत.

झाले आहे ते असे. गिरगावातल्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, आमची दहा बाय अठराची खोली आहे. ‘आमची’ म्हणजे आमच्या ताब्यातली. मालक दुसरा. आजोबांनी ती पन्नासच्या दशकात पागडी देऊन घेतली. पागडीची पावती नाही, कारण पागडी घेणे तेव्हा गुन्हा होता. बाबा गेल्यावर भाडेपावती आईच्या नावावर झाली. आज सगळे कर धरून महिन्याचे भाडे दोनशे बारा रुपये आहे. इकडे कोपीटियममध्ये कोपीचा कप दीड डॉलरच्या आसपास पडतो. म्हणजे मुंबईच्या मध्यवस्तीतल्या राहत्या जागेचे महिन्याचे भाडे दोन कप कोपी!

मात्र याच कायद्याला दुसरी बाजूही आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम १६ मध्ये मालकाला जागा परत मिळण्याची कारणे दिली आहेत. त्यांतले एक असे की, दावा लावण्याच्या आधी सलग सहा महिने भाडेकरूने वाजवी कारणाशिवाय जागा वापरली नसेल तर मालकाला ताबा मागता येतो. हेच कलम १९४७ च्या जुन्या कायद्यातही होते. आपल्यापैकी किती जणांची दादर-गिरगाव-परळला अशी कुलपे लटकत आहेत ते आम्हाला ठाऊक आहे. मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसाद हातात पडला की पुरुषमंडळींची चर्चा शेअरबाजारावरून दहा मिनिटांत पागडीच्या खोलीवर येते.

आता आमची दुसरी कहाणी ऐका. २०२२ साली आमच्या इथल्या घराचा करार संपत आला. घरमालकीणबाई सज्जन. चायनीज न्यू इयरला संत्री देणाऱ्या, दिवाळीला आमच्या चकल्या मागून नेणाऱ्या. त्यांनी अतिशय प्रेमाने निरोप पाठवला की तीन हजार चारशेचे आता चार हजार नऊशे होतील. आम्ही हिशेब केला, चव्वेचाळीस टक्के! ते वर्षच तसे होते. यू. आर. ए. च्या निर्देशांकाप्रमाणे खासगी घरांची भाडी २०२२ या एका वर्षात २९.७ टक्के वाढली. पुढल्या वर्षी ती आणखी ८.७ टक्क्यांनी वाढली आणि २०२४ मध्ये कुठे जराशी उतरली. आपली कितीतरी कुटुंबे तेव्हा पुंगोल-सेंगकांगकडे सरकली. काहींनी मुलांच्या शाळा बदलल्या, काहींनी एक खोली परक्या माणसाला दिली.

त्या रात्री जेवताना आम्ही तावातावाने भाषण केले. सरकार झोपले आहे काय? माणसाने जगावे कसे? इथे भाडे नियंत्रण का नाही? सौ. शांतपणे ऐकत होती. नेमका तेव्हाच पुण्याहून एजंटाचा फोन आला. कोथरूडला आमचा एक छोटा फ्लॅट आहे. तो लिव्ह अँड लायसन्सवर दिलेला असतो. एजंट म्हणाला, "साहेब, करार संपतोय. दहा टक्के वाढवू म्हणालात, पण बाजार चांगलाय, पंधरा सहज मिळतील."

आम्ही म्हणालो, "मग पंधरा करा."

फोन ठेवला तर सौ. आमच्याकडे बघत होती. "अहो," ती म्हणाली, "आत्ता दोन मिनिटांपूर्वी सरकार झोपलं होतं ना? पुण्यातलं झोपलेलं चालतं वाटतं!"

मंडळी, तेव्हा आमच्या ध्यानात आले की आम्ही तीन शहरांत तीन सोंगे घेऊन उभे आहोत. गिरगावात कायद्याने जपलेला भाडेकरू, सिंगापुरात बाजारावर सोडलेला भाडेकरू, आणि पुण्यात मालक. तिन्ही ठिकाणी न्याय आमच्याच बाजूला असावा ही आमची माफक अपेक्षा. इंजिनियरच्या जातीला एकदा असे कोडे पडले की चैन पडत नाही. म्हणून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. जे हाती आले त्याने आमची दांडी गुल केली.

पहिले आश्चर्य असे की सिंगापूर आणि मुंबई ही या बाबतीत जुळी भावंडे आहेत. मुंबईत भाड्यावरचा पहिला निर्बंध १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९३९ आणि १९४४ चे कायदे झाले, आणि मग आला तो सुप्रसिद्ध १९४७ चा मुंबई भाडे कायदा. तो १३ फेब्रुवारी १९४८ रोजी अमलात आला. त्यात भाड्याची पायाभूत तारीख धरली १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जे भाडे होते ते ‘प्रमाण भाडे’.

इकडे सिंगापुरात इंग्रजांनीच १९४७ साली भाडे नियंत्रणाचा वटहुकूम काढला. ७ सप्टेंबर १९४७ पर्यंत बांधून झालेल्या इमारतींना तो लागू होता. पायाभूत तारीख होती १ ऑगस्ट १९३९. साहेब तोच, युद्ध तेच, घरटंचाई तीच, कायदाही तोच. तारखांचा फरक काय तो वर्षभराचा.

आणि रोगही तेच झाले. मुंबईत पागडी, तशी इथे ‘टी मनी’, म्हणजे चहाचे पैसे. कायद्याने भाडे वाढवता येत नाही ना, मग जागा हातात देतानाच वरचे पैसे घ्यायचे. मुंबईत पोटभाडेकरू, तसे इथे चायनाटाउनात मुख्य भाडेकरू असत. ते मालकाकडून अख्खे शॉपहाऊस जुन्या भाड्याने घेत, आत फळ्यांच्या भिंती घालून खुराडी पाडत, आणि एकेका खुराड्याचे बाजारभावाने पैसे घेत. म्हणजे मालकाला काही मिळत नसे, गरीब कुटुंबाला स्वस्ताई नसे, मलई मधल्याला. या खुराड्यांत कुटुंबे कशी राहत याचा बॅरिंग्टन के या समाजशास्त्रज्ञाने अप्पर नानकिन स्ट्रीटवर केलेला अभ्यास १९६० मध्ये पुस्तकरूपाने निघाला. तो वाचताना आम्हाला गिरणगावातल्या गाळ्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आणि मालकाने दुरुस्ती का करावी? छप्पर गळो, जिना कुजो, दोन्हीकडे उत्तर एकच होते: "भाडे किती देता?"

इथवर दोन्ही भावंडे हातात हात घालून चालली. पुढे वाटा फुटल्या.

सिंगापुरात १ फेब्रुवारी १९६० रोजी एच. डी. बी. स्थापन झाली. २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी इथे मोठी आग लागून सुमारे सोळा हजार माणसे बेघर झाली. त्यांना घरे देण्याच्या निमित्ताने बांधकामाला जो वेग आला तो थांबलाच नाही. पहिल्या पाच वर्षांत पन्नास हजारांवर घरे उभी राहिली. १९६४ साली घरे विकत द्यायला सुरुवात झाली आणि १९६८ पासून लोकांना सी. पी. एफ. चे पैसे घरासाठी वापरता येऊ लागले. यासाठी लागणारी जमीन १९६६ च्या भूसंपादन कायद्याने बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त घेतली गेली. म्हणजे फुकट काहीच झाले नाही. किंमत त्या जमीनमालकांनी मोजली. पण घरे उभी राहिली.

मग भाडे नियंत्रणाला त्यांनी एकदम हात घातला नाही. १९६९ साली वेगळा कायदा केला आणि १९७० मध्ये ‘गोल्डन शू’ भागात, म्हणजे आजच्या रॅफल्स प्लेस-शेंटन वेच्या परिसरात, तो लावला. इमारत पाडून नवी बांधायची असेल तर मालकाला ताबा मिळेल, मात्र भाडेकरूला भरपाई द्यावी लागेल. भरपाईवर वाद झाला तर तो ठरवायला मंडळ नेमले. पुढे १९८९ मध्ये चायनाटाउन, लिटल इंडिया, कांपोंग ग्लाम हे जुने भाग जतनासाठी घोषित झाले. त्या सुमाराला तिथल्या जागाही टप्प्याटप्प्याने नियंत्रणातून सुटल्या. शेवटी १ एप्रिल २००१ रोजी अख्खा कायदाच रद्द झाला. तोवर बहुतेक लोक एच. डी. बी. त राहायला गेले होते, त्यामुळे दंगा झाला नाही.

हे वाचून ‘वा! सिंगापूर ते सिंगापूर’ असे म्हणायचा मोह आम्हालाही झाला. पण टेकाच्या बाजूने फिरायला जातो तेव्हा रंगवलेली, नटवलेली शॉपहाऊसे दिसतात. ज्या धंद्यांनी त्या गल्ल्यांना नाव दिले ते जुने धंदेवाले बहुतेक ठिकाणी उरलेले नाहीत. नियंत्रण उठले तशी भाडी चढली, आणि चढत्या भाड्याला फुलांच्या माळा विकून पुरे पडता येत नाही. इमारती वाचल्या, माणसे हलली.

मुंबईत काय झाले? मुंबईत भाडे १९४० वर गोठवून ठेवले आणि कायद्याला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. नवी घरे त्या वेगाने झाली नाहीत. इमारती पडू लागल्या तेव्हा बेडेकर समिती नेमली गेली आणि १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. (पाहा, पुन्हा १९६९! दोन्हीकडे एकाच वर्षी सरकारला जाग आली.) पण मार्ग उलटा. सिंगापूरने मालकाला इमारत पाडायची वाट दिली. मुंबईने मालकाला बाजूला ठेवून दुरुस्ती स्वतःच्या अंगावर घेतली आणि त्यासाठी उपकर बसवला. म्हणून त्या ‘उपकरप्राप्त’ इमारती. सुरुवातीला त्या १९,६४२ होत्या, त्यांपैकी १६,५०२ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. पुढे हे काम म्हाडाकडे आले. आजही पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी छापते, आणि आई ती यादी सत्यनारायणाच्या पोथीसारखी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडून तीसहून अधिक माणसे गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत पुन्हा तेच. अशी बातमी आली की आम्ही इथून फोन लावतो आणि ती म्हणते, "आपली नव्हे रे."

न्यायालयेही गप्प नव्हती. १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटले की, १९४० च्या पातळीवर भाडे असे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही. त्यानंतर १९९९ चा कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. पागडीही कलम ५६ ने कायदेशीर करून टाकली. इतकी वर्षे जो गुन्हा होता तो व्यवहार झाला. बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भांडवल असलेल्या कंपन्यांना संरक्षणातून वगळले. पण दोनशे रुपयांवर चार टक्के म्हणजे आठ रुपये. इंजिनियरच्या भाषेत सांगायचे तर प्रेशर कुकरची शिट्टी साठ वर्षे बोटाने दाबून धरली आणि मग बोट केसभर उचलले.

आता मुद्द्याची गोष्ट. कायदा केला, पण त्याची अंमलबजावणी बघणार कोण?

आमची समजूत होती की भाडे नियंत्रण म्हणजे कुठेतरी एक साहेब बसलेला असतो, तो इमारतींवरून फिरतो, कोण जास्त भाडे घेतो ते बघतो. मुंबईत तसे नाही. भाडे जास्त घेतले, पाणी तोडले, पावती दिली नाही, तर भाडेकरूने स्वतः लघुवाद न्यायालयाची पायरी चढायची. कलम २९ प्रमाणे मालकाला पाणी-वीज तोडता येत नाही आणि कलम ३१ प्रमाणे पावती देणे सक्तीचे आहे. पण ती कलमे कोणी आपण होऊन राबवत नाही. मालकालाही ताबा हवा तर तिथेच जायचे. आमच्या चाळीतला एक दावा आजोबांच्या वेळेला लागला आणि तो निकालात निघाला तेव्हा वादी-प्रतिवादी दोघांच्या फोटोंना हार होते.

ही अडचण फक्त आपलीच आहे असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये भाडे स्थिरीकरणाचे काम आधी शहराच्या पातळीवर चाले. त्याबद्दल इतकी ओरड झाली की १ एप्रिल १९८४ पासून ते राज्य सरकारच्या गृहनिर्माण खात्याने आपल्याकडे घेतले. भाडेकरूने तिथे अर्ज करायचा, खाते मालकाकडची नोंद तपासते. कॅलिफोर्नियात उलटे झाले. तिथल्या शहरांनी आपापले नियम केले होते. १९९५ च्या कोस्टा-हॉकिन्स कायद्याने राज्याने शहरांचे हात बांधले: भाडेकरू आपणहून जागा सोडून गेला की नव्या भाडेकरूला मालक लावील ते भाडे. म्हणजे शहराच्या डोक्यावर राज्य बसले की ते भाडेकरूच्याच बाजूने बसेल असे नाही. मुंबईत तर शहराला या बाबतीत डोकेच नाही. कायदा राज्याचा, दुरुस्ती म्हाडाची, धोकादायक इमारतीची नोटीस महापालिकेची, भांडण न्यायालयात. चौघांच्या मध्ये तिसऱ्या मजल्यावर आमची आई.

सिंगापुरात आज भाड्यावर नियंत्रण नाही हे खरे, पण ‘मोकळे रान’ आहे असे म्हणाल तर चुकाल. एच. डी. बी. चे घर सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीने देता येत नाही, खासगी घर तीन महिन्यांपेक्षा. एका घरात नात्यात नसलेली किती माणसे राहतील याला मर्यादा आहे. ती सहा होती, जानेवारी २०२४ पासून मोठ्या घरांत तात्पुरती आठ केली. एच. डी. बी. चे घर भाड्याने द्यायला परवानगी लागते. भाडेकरूचा पास तपासायची जबाबदारी मालकाची. करारावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. किती घ्यायचे यावर सरकार बोलत नाही, पण कोण, किती, किती दिवस यावर त्याचा डोळा असतो. आणि अनामत रकमेवरून भांडण झाले तर दोन वर्षांपर्यंतच्या राहत्या घराच्या कराराचा वाद स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये नेता येतो. मर्यादा वीस हजार डॉलर, दोघांची संमती असेल तर तीस हजार. तिथे वकील उभा करता येत नाही, त्यामुळे काम लवकर आटोपते. लघुवाद न्यायालय आणि स्मॉल क्लेम्स, नावे जवळपास सारखीच. पण इथले आपण जिवंत असताना निकाल देते!

आता आमच्या शेठविषयी. ‘शेठ’ म्हणजे मूळ मालकाचा नातू, वयाने आमच्याएवढाच. गेल्या खेपेला आम्ही गिरगावात गेलो तेव्हा जिन्यात भेटला. आईला तो काकू म्हणतो. आम्ही जरा घुश्शातच जिन्याच्या कुजलेल्या कठड्याचा विषय काढला. तो म्हणाला, "दादा, अख्ख्या चाळीचं महिन्याचं भाडं माझ्या मुलाच्या शाळेच्या फीला पुरत नाही. तुम्ही सिंगापूरला असता. मी पण याच चाळीत, पहिल्या मजल्यावर राहतो. पडली तर माझ्यावर पण पडेल."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या डोक्यात मालक म्हणजे गाडीतून उतरणारा, सोन्याच्या अंगठ्या घातलेला माणूस. हा तर लुंगीवर पाण्याची बादली घेऊन उभा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ५ नोव्हेंबर २०२४ ला जो निकाल दिला त्याचे मूळ याच भांडणात आहे. उपकरप्राप्त इमारत ताब्यात घेऊन ती भाडेकरूंच्या सोसायटीला द्यायची अशी तरतूद १९८६ साली म्हाडा कायद्यात घातली गेली. महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट मालकाला द्यायचे. मालकांची संघटना न्यायालयात गेली, आणि शेवटी बहुमताने ठरले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ धरता येणार नाही. शंभर पट भाडे म्हणजे आमच्या खोलीचे एकवीस हजार दोनशे रुपये. आम्ही शेठच्या जागी असतो तर? मंडळी, कोथरूडच्या फ्लॅटचे कोणी आम्हाला एकवीस हजार देऊ केले असते तर आम्ही सुप्रीम कोर्टात चालत गेलो असतो.

तर आता तो लाल गोल. यंदा आईचा गुडघा फारच धरला आहे. चाळीचे तीन जिने, संडास गॅलरीच्या टोकाला, रात्री उठायचे म्हणजे भिंत धरत जायचे. इथे लिफ्ट आहे, खालीच पॉलिक्लिनिक आहे, नात आहे. मग ती जाते कशाला? "खोली बंद राहून चालायची नाही म्हणून," असे आम्ही सगळ्यांना सांगतो. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. झाली तर नियमाप्रमाणे निदान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळेल. ते आज ना उद्या होईल या आशेवर चाळीतली प्रत्येक खोली कोणी ना कोणी म्हातारे माणूस धरून बसले आहे. मुले ठाण्याला, डोंबिवलीला, न्यू जर्सीला, सिंगापूरला.

परवा तिकीट काढायला बसलो तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, एक विचारू? आईंना परत पाठवतंय कोण? कायदा की आपण?"

आम्ही कलम १६ सांगू लागलो. ती म्हणाली, "कलम पाठ आहे मला. त्यात वाजवी कारण असंही लिहिलंय, तुम्हीच वाचून दाखवलंत. गुडघ्याचं ऑपरेशन हे वाजवी कारण नाही? आणि नसलं, गेली खोली, तर आपण रस्त्यावर येणार आहोत का?"

आम्ही रात्रभर जागे होतो. सकाळी आईसमोर बसलो आणि सांगितले की खोलीसाठी म्हणून जाऊ नकोस. औषधपाण्याचे सगळे कागद आपल्याजवळ आहेत, वकिलाला विचारू, पुढचे पुढे. आईने ऐकून घेतले. चहा संपवला.

"अरे, खोली गेली तर वाईट वाटेल मला," ती म्हणाली. "त्या खोलीत चाळीस वर्षं काढली मी. पण मी पैशासाठी नाही जात. गणपतीला चाळीत मोदक मी करते. समोरच्या नलूला डोळ्यांनी दिसत नाही आता, तिला पेपर कोण वाचून दाखवणार? तुम्हाला वाटतं मी कुलूप राखायला जाते. आणि खरं सांगू, तुम्ही मला कधी विचारलंच नाही."

तेव्हा मंडळी, शेवटी ठरले ते असे. आई त्या तारखेला जाते आहे. गणपती करील, नलूमावशींना भेटेल, वकिलांना भेटून कागद दाखवील, आणि दसऱ्यानंतर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इकडे येईल. या वेळी आम्ही पहिल्यांदाच तिचे तिकीट दोन्ही बाजूंचे काढले आहे, गिरगावातून निघणारे आणि सिंगापूरला पोचणारे. ऑपरेशन झाल्यावर सहा महिने उलटले तर उलटले. खोली राहिली तर आनंद आहे. आणि कोथरूडच्या भाडेकरूला आम्ही या खेपेला पाच टक्क्यांवर सोडले. एजंट आमच्याशी बोलेनासा झाला आहे.

जाता जाता आमच्यासारख्याच कुलूपवाल्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. भाडे महिन्याच्या महिन्याला चेकने किंवा बँकेतून भरा आणि पावत्या जपा. खोली बंद राहणार असेल तर कारणाचे कागद ठेवा: डॉक्टरांचे, प्रवासाचे, विजेच्या बिलांचे. भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. तसे कोणी नसेल तर वारसांपैकी एक, आणि वारसांचे पटले नाही तर न्यायालय ठरवील. म्हणून भावाबहिणींनी आईवडील असतानाच बसून बोलून घ्या. खोली परस्पर दुसऱ्याला वापरायला देऊ नका, तेही ताबा जाण्याचे कारण आहे. आणि इथल्यांसाठी: करारावर मुद्रांक भरल्याचा कागद आणि घर ताब्यात घेतल्या दिवशीचे फोटो, एवढे दोन जपलेत तर अनामत रक्कम सुखरूप परत येण्याची शक्यता पुष्कळ.

पण यादीत पहिला क्रमांक आम्ही शेवटी लिहितो आहोत. खोलीत जे माणूस बसवले आहे, त्याला एकदा विचारा की त्याला तिथे राहायचे आहे का. आम्हाला हे सुचायला चार वर्षे लागली.

बाकी सर्व क्षेम. पुढच्या अंकात भेटूच.